टेबलावरचे कॅसल रॉक

खेळण्यातली आगगाडी गोल गोल फिरते. दहा मिनिटांत मूल कंटाळते आणि त्याच्या आधी आपण कंटाळतो. पण तीच गाडी लोंढ्याहून निघून कॅसल रॉकला थांबणार असेल, ब्रेक तपासल्याशिवाय घाटात उतरणार नसेल, आणि समोरून चढून येणाऱ्या गाडीसाठी तिला लूप लाइनवर वाट पाहावी लागणार असेल, तर गोष्ट वेगळी होते. मग तो खेळ राहतोच, पण त्यात एक गावही येते.

छोट्या रेल्वेचे जग पुण्याला गेलेल्या अनेकांनी पाहिले असेल. कर्वे रस्त्यावरचे जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे आणि मुले तिथून सहजासहजी निघत नाहीत. तिथले शहर मात्र कल्पनेतले आहे. आज लिहायचे आहे ते खऱ्या जागेवरून केलेल्या मांडणीबद्दल. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. आपल्या दारातूनच एक अशी लाइन जाते, की तिच्यासाठी लोक देशभरातून येतात.

कॅसल रॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट. नाव पोर्तुगालच्या राजघराण्याचे. मुरगाव बंदरापासून निघालेली मीटर गेजची लाइन १८८८ मध्ये घाट चढून ब्रिटिश हद्दीतल्या कॅसल रॉकला येऊन मिळाली. चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या मानाने फारच कडक. वाटेत करंझोळ, दूधसागर आणि सोनावली ही स्टेशने. हे सगळे पाहिल्यावर कोणीही म्हणेल, दूधसागर करू या! पूल, धबधबा, बोगदे, वर हिरवा डोंगर. चित्र तयारच आहे.

माझा सल्ला उलटा आहे. धबधबा सोडा, कॅसल रॉक घ्या.

कारण साधे आहे. दूधसागरच्या पुलावरून गाडी जाते आणि जाते, एवढेच. एकदा टाळ्या झाल्या की पुढे करायला काही उरत नाही. कॅसल रॉकला मात्र काम असते. घाट चढून आलेल्या गाडीला मागून रेटणारे इंजिन इथे सुटते आणि ते पुन्हा खाली न्यावे लागते. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इथे तपासले जातात. एकेरी लाइनवरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यावी लागते. मांडणीसाठी जागा निवडताना ‘इथे काय दिसते’ यापेक्षा ‘इथे काय घडते’ हा प्रश्न आधी विचारावा. नाटकाचे नेपथ्य कितीही देखणे असले तरी पात्रांना संवाद नसतील तर प्रेक्षक उठून जातोच.

कोणते वर्ष?

जागा ठरली की लगेच रूळ विकत घ्यायचे नाहीत. आधी वर्ष ठरवायचे. कॅसल रॉक एकच असले तरी काळाप्रमाणे ती तीन वेगळी स्टेशने होतात.

पहिले १९५० च्या आसपासचे. तेव्हा हे दोन देशांच्या सीमेवरचे स्टेशन होते. अलीकडे भारत, पलीकडे पोर्तुगीज गोवा. प्रवाशांच्या ट्रंका उघडून पाहणारे कस्टमवाले अलीकडे इथे आणि पलीकडे कुळ्याला. १९५५ मध्ये ही वाहतूक बंद पडली आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा सुरू झाली. दुसरे स्टेशन १९८५ च्या आसपासचे. मीटर गेज तोच, पण अखेरच्या वर्षांतला, वायडीएम-४ डिझेल इंजिनांचा. तिसरे आजचे. १९९० च्या दशकात लाइन ब्रॉडगेज झाली, तेव्हा रूळ, सांधे, डबे, इंजिने सगळे बदलले.

तिन्ही एकत्र करता येत नाहीत. कस्टमचे बाक ठेवून शेजारी आजचे इंजिन उभे केले की मांडणी खोटी पडते. वर्ष निवडले की बाकीचे निर्णय आपोआप होतात: इंजिन कोणते, डब्यांचा रंग कोणता, फलाटावरच्या माणसाने धोतर नेसलेले की पँट घातलेली. स्टेशनच्या पाटीचेही तेच. पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावर आपल्या जिल्ह्यात किती शाई आणि किती घसा खर्च झाला आहे हे वाचकांना सांगायला नको. इथे वाद घालायचे कारण नाही. त्या वर्षीचा फोटो शोधायचा आणि त्यात असेल तशी पाटी रंगवायची.

किती लहान करायचे?

आता थोडे गणित. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण १:८७. खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. या हिशेबाने २६ किलोमीटरचा घाट होतो जवळजवळ ३०० मीटर लांब. कॅसल रॉक आणि कुळे यांच्या उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक आहे. तो होतो पावणेसहा मीटर, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीइतका. सगळा घाट घरात बसवायचे स्वप्न इथेच संपते.

रुळांचेही गणित पाहा. मीटर गेजचे दोन रूळ एक मीटर अंतरावर. सत्त्याऐंशीने भागले की साडेअकरा मिलिमीटर. परदेशात १२ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, कारण स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या गाड्याही मीटर गेजवर चालतात आणि तिथल्या हौशी लोकांना ते लागतात. आजचे ब्रॉडगेज करायचे तर १६७६ मिलिमीटरचे होतात सव्वाएकोणीस. बाजारातले नेहमीचे रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेले आहेत. आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक डोळ्याआड करतात, आणि घरच्या मांडणीला तो चालतो.

मीटर गेजचा डबा साधारण २० मीटरचा धरला तर मॉडेलमध्ये २३ सेंटीमीटर. चार डबे, एक इंजिन पुढे, एक मागे. गाडी झाली सुमारे १३० सेंटीमीटरची. ती पूर्ण मावेल अशी लूप लाइन आणि दोन्ही टोकांचे सांधे धरून स्टेशनला १९० सेंटीमीटर लागतात. म्हणजे सव्वासहा फूट. खरी गाडी चार डब्यांची नव्हती, हे मान्य. पण फलाट आणि गाडी एकाच मापाने आखडले तर डोळा तक्रार करत नाही. फलाट लांब आणि गाडी आखूड झाली की लगेच खटकते.

उरलेली जागा रंगमंचाच्या विंगेसारखी वापरायची. पात्र विंगेत गेले की ते घरी गेले असे आपण मानतो, तसेच इथे. लोंढ्याच्या बाजूला सव्वाचार फुटांची एक सुटी फळी, खेळताना लावायची आणि नंतर काढून ठेवायची. गोव्याच्या बाजूला खोलीच्या कोपऱ्यात रूळ वळवायचे, उतार द्यायचा आणि दुसऱ्या भिंतीवर बोगद्यात शिरवायचे. बोगद्यामागे दोन-तीन लपलेल्या लाइनी, तिथे गाड्या आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या. कोपऱ्यातले वळण ६० सेंटीमीटर त्रिज्येचे ठेवा. दीड मीटरच्या उतारात खऱ्या प्रमाणाने गाडी चार सेंटीमीटर खाली जाईल. ऐकायला कमी वाटते. पण फलाटाच्या पातळीवर डोळे नेऊन पाहिले की घाट सुरू झाल्याचे कळते. इंजिन हलके असेल तर परत चढताना त्याची चाके जागीच फिरतील. मागे दुसरे इंजिन का लावतात, हे मुलांना मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

माहिती कुठून आणायची?

उपग्रहाच्या नकाशावर आजचे यार्ड दिसते. इमारतींची जागा, रस्ता, डोंगराची कड यांसाठी ते उत्तम. पण १९८५ चे रूळ त्यात नाहीत. गेज बदलताना ते उखडले गेले. ते आता दोनच ठिकाणी आहेत: जुन्या फोटोंत आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात.

आमच्या कॉलेजच्या मुलांनी अशीच एक योजना कागदावर काढली होती. त्यातल्या एकाचे अज्जा घाटात नोकरी केलेले. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “बिट्ट इंजिन एल्लि होगबेकु?” मुलांनी लूप लाइन काढली होती, फलाट काढला होता, गाडीच्या मागचे इंजिन सोडल्यावर ते उभे कुठे राहणार, याचा विचारच केला नव्हता. अज्जांनी खिशातले पेन काढून एक आखूड लाइन ओढली. मग पाण्याचा नळ, मग केबिन. अर्ध्या तासात कागद भरला. नातवाने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, कारण त्याने कधी विचारलेच नव्हते आणि अज्जांनाही सांगण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते.

छोट्या रेल्वेची खरी किंमत मला इथे दिसते. इंग्लंडमध्ये रॉय इंग्लंड नावाचा एक माणूस होऊन गेला. १९२५ मध्ये तो ऑस्ट्रेलियाहून आला. त्याने पाहिले की खेड्यांतली जुनी, गवताने शाकारलेली घरे भराभर बदलत आहेत. ती थांबवणे त्याच्या हातात नव्हते. म्हणून त्याने एकेक घर मोजायला आणि त्याचे हुबेहूब मॉडेल करायला सुरुवात केली. त्यातून ऑक्सफर्डजवळ पेंडन संग्रहालय उभे राहिले. १९३० च्या सुमाराचा तिथला परिसर, त्यातून जाणाऱ्या रेल्वेसह, पुढच्या पिढ्यांच्या हौशी लोकांनी तिथे साकारला आहे. राजवाडे आणि किल्ले जपायला सरकार असते. केबिन, पाण्याचा नळ आणि आखूड लाइन यांना कोण जपणार?

आपल्याकडे वेळ फार नाही. १९८० मध्ये पंचविशीत नोकरीला लागलेला गार्ड आज सत्तरीच्या पुढे आहे. बेळगाव, खानापूर, लोंढा, हुबळी इथल्या कितीतरी घरांत असे निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले आहेत. त्यांना ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटले तर ते ‘त्यात काय एवढे’ म्हणतील. पण समोर चुकीचा नकाशा ठेवला तर गप्प बसणार नाहीत. टोकनचा गोळा अडकवलेले वेताचे रिंगण चालत्या इंजिनातून कसे झेलायचे, हे ते उभे राहून हात पसरून दाखवतील. कोणी ‘घाट’ म्हणेल, कोणी ‘घट्ट’. दोन्ही तसेच लिहून घ्या.

दोन सूचना मात्र पाळा. मोजमापासाठी रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि घाटात जिवाला धोकाही आहे. फलाटावर पावले मोजा, फोटोसाठी स्टेशन मास्तरांना विचारा. आणि हुबळीला गेलात तर २०२० मध्ये सुरू झालेले तिथले रेल्वे संग्रहालय पाहायला विसरू नका. जुन्या वस्तू प्रत्यक्ष पाहिल्या की त्यांच्या मापांचा अंदाज येतो.

सुरुवात कशी करावी?

पैसे खर्च करण्याआधी जुनी वर्तमानपत्रे जोडून जमिनीवर पसरा आणि खऱ्या आकाराचा आराखडा खडूने काढा. इमारतींच्या जागी काड्यापेट्या आणि बुटांची खोकी ठेवा. आठवडाभर येता-जाता पाहा. जे खटकेल ते बदला. मग प्लायवूड आणा, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फुगते, म्हणून दोन्ही बाजूंनी रंग द्या. डोंगराला थर्माकोल आणि प्लास्टर पुरते. माती खानापूरच्या बाजूची लाल घ्या. वाळवा, फडक्यातून चाळा आणि तिच्यावरून एक लोहचुंबक फिरवा. तांबड्या मातीत लोहाचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीला चिकटले की गाडी बंद पडते.

आणि एक काम आराखड्यावरच करा. प्रत्येक सांध्याशेजारी, प्रत्येक केबिनशेजारी बारीक अक्षरात लिहा: हे कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला. गाडी पुढे बिघडेल, मुले मोठी होऊन परगावी जातील, प्लायवूडही कधीतरी माळ्यावर जाईल. तो कागद मात्र जपून ठेवा. मीटर गेजच्या कॅसल रॉकचा त्याहून चांगला नकाशा कदाचित कोणाकडेच नसेल.