शरदातील खुरपणी आणि वैद्याची दृष्टी

वर्षा ऋतू सरला की घराभोवतीच्या बागेची डागडुजी सुरू होते. आश्विनात माळी येतो, पावसात माजलेले तण खुरपतो, हिरवळ कापून तिच्यावर माती व शेणखत पसरतो. दिवाळीपूर्वी अंगण देखणे होते. हे काम आवश्यकच आहे. मात्र त्या खुरपणीत नेमके काय उपटले जाते, याकडे वैद्याने तरी लक्ष द्यावयास हवे.

गेल्या शरदात माझ्या अंगणातील तणाचा ढीग मी सहज चाळला. त्यात पुनर्नवा होती, भूम्यामलकी होती, ओलसर कोपऱ्यातील भृंगराजही होता. त्याच सकाळी एका शोथाच्या रुग्णास मी पुनर्नवा चूर्ण लिहून दिले होते. बाजारातील पुडीवर विसंबणारा मी दारातील पुनर्नवा कचऱ्यात टाकीत होतो!

हा प्रश्न काटकसरीचा नसून द्रव्यपरिचयाचा आहे. बाजारातील भूम्यामलकीत फायलँथस प्रजातीतील निरनिराळ्या जाती मिसळलेल्या आढळतात. पुनर्नवेच्या नावाने मांसल पानांची ट्रायॅन्थेमा खपते. गुडूचीसारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाबाबत तर २०२२ मध्ये आयुष मंत्रालयास सावधगिरीची सूचना द्यावी लागली. क्रिस्पाच्या कांडावरील दाट गाठी ज्याने एकदा हाताने चाचपल्या, तो सहसा फसत नाही. केवळ चित्र पाहून परीक्षा उत्तीर्ण झालेला मात्र फसू शकतो.

रानात शेळ्या-मेंढ्या राखणारे वनौषधी नामरूपाने ओळखतात, परंतु त्यांची योजना जाणणारा तोच खरा जाणकार, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आज आपली स्थिती उलट झाली आहे. योग आपणांस मुखोद्गत आहेत, नामरूप मात्र हातातून निसटले आहे.

सर्वच तण राखावे, असे माझे म्हणणे नाही. १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून, समूळ उपटले पाहिजे. त्याच्या स्पर्शाने होणारा त्वग्रोग आपण चिकित्सालयात पाहतोच. तथापि तणनाशक फवारण्याऐवजी माळ्याबरोबर तासभर स्वतः बसावे. ओळख पटलेली रोपे मुळांसह एका वाफ्यात लावावी आणि नावाची पाटी खोचावी. भूम्यामलकी वर्षायू आहे. तिचे बी पडू द्यावे म्हणजे पुढील पावसात ती पुन्हा उगवेल. दूर्वा उपटून तिच्याच प्रजातीतील ‘बर्म्युडा’ गवत विकत आणण्याचा मोहही आवरावा. फवारलेल्या वा रस्त्याकडेच्या जागेतील वनस्पती औषधार्थ कदापि घेऊ नये.

आयुर्वेद महाविद्यालयांत वनौषधी उद्यान बंधनकारक आहे. पदवीनंतर ते उद्यान आपल्या दारी आणण्याचे बंधन मात्र आपणच स्वतःवर घालावयाचे आहे. चार हात जागा त्यास पुरेशी आहे.