ताबा घाटात सुटत नाही, अंगणातच सुटतो

दिवाळी झाली की आपल्या विट्यातून गाड्या सुटायला लागतात. कोण गुहागरला, कोण गणपतीपुळ्याला, कोण गोव्याला. रजा मोठी असेल तर हंपी-बदामी. लेह-लडाखवाले जूनमध्ये निघतात, ते वेगळेच. चांगली गोष्ट आहे. आपल्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी कधीपासून देशभर पसरलीत, त्यामुळं कुठल्याही लांबच्या गावात 'विट्याचा हाय' म्हटलं की चहा पाजणारं कुणीतरी भेटतंच. तेव्हा पोरांनी फिरू नये असं मी म्हणत नाही. फिरावं, भरपूर फिरावं. माझं भांडण आहे ते आपण जिला 'तयारी' म्हणतो तिच्याशी.

आपली तयारी कशी असते बघा. चौकात गाड्या ओळीनं लागतात, नारळ फुटतो, एखादे नेते झेंडा दाखवतात, वर ड्रोन फिरतो. गाडीवर काय काय असतं? दोन नाही, चार-चार फॉगलाइट. जाडजूड लेगगार्ड. मागं पत्र्याच्या पेट्या. हँडलला मोबाइल होल्डर, हेल्मेटला कॅमेरा, फाडफाड वाजणारा सायलेन्सर. वीस-पंचवीस हजारांचं सामान सहज निघतं. गेल्या महिन्यात अशाच एका ओळीत लोक सेल्फी काढत होते आणि मी वाकून टायर बघत होतो. निम्म्याहून जास्त गाड्यांचे मागचे टायर मधोमध गोटा झालेले. एका गाडीची चेन कोरडीठाक, तांबडी पडलेली. तिच्यावर नवराबायको आणि दोन बॅगा. नवऱ्याच्या डोक्यावर महागडं हेल्मेट, बायकोच्या डोक्यावर ओढणी. आणि या सगळ्याला झेंडा दाखवून टाळ्या.

मग कधीतरी बातमी येते. तिच्यातलं वाक्य तुम्हाला पाठ आहे: 'वळणावर चालकाचा ताबा सुटल्याने…' पोलिसांची प्राथमिक माहिती तीच असते, बातमीतही तीच छापली जाते, वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. ताबा सुटला म्हणजे नेमकं काय झालं, हे कुणी विचारत नाही. टायरनं रस्ता सोडला? चेन तुटून चाकात अडकली? उतारावर ब्रेक तापून दाबेनासा झाला? की मागं चाळीस किलोचं ओझं होतं आणि पुढचं चाक हलकं पडलं? यातलं एकही कारण त्या वळणावर जन्माला आलेलं नसतं. ते घरच्या अंगणात, गाडी भरतानाच तिथं असतं.

सरकारी व्यवस्थेचं तर बोलायलाच नको. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची. नवी गाडी घेतली की 15 वर्षं तिचे ब्रेक, टायर, चेन, शॉकअप बघणारं अधिकृत माणूस कुणी नाही. पीयूसी होते, पण ती धुराची. विमा भरताना कागद बघतात, गाडी नाही. नाकाबंदीत लायसन्स मागतात, टायरकडं नजर जात नाही. भीषण अपघात झाला की मात्र मोटार वाहन निरीक्षक येऊन गाडी तपासतो आणि त्याचा अहवाल फायलीत जातो. म्हणजे मेलेल्या माणसाच्या गाडीची तपासणी होते, जिवंत माणसाच्या गाडीची होत नाही. याच्यावर कुणाला राग येत नाही, याचाच मला राग येतो.

आकडे हवेत? केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट नसल्यामुळं गेलेली 50,029. आणि या पन्नास हजारांतली 14 हजारांहून जास्त माणसं गाडी चालवत नव्हती, मागं बसली होती.

आता कामाचं बोलू. आपल्याच गुहागर-विजापूर रस्त्यानं निघालात, कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचंय, असं धरा. दोघं जण, सामानासकट. गाडीला काय लागतं?

पहिला टायर. टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' अशी इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. बाजूलाच चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. गाडी दारात उभी राहून राहून जुना झालेला टायर नक्षी असूनही कडक पडतो, भेगा जातो, ओल्या रस्त्याला धरत नाही. आणि हवा. एकट्यासाठी वेगळी, दोघांसाठी वेगळी. गाडीवरच्या स्टिकरवर नाहीतर पुस्तकात लिहिलेली असते. टायर गार असताना भरायची. पंपावरच्या पोराला 'नेहमीची टाक' म्हणायचं नाही.

दुसरा ब्रेक. पॅड आणि लायनर किती उरलेत ते चाक काढून बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. पाणी मिसळलेलं ऑइल तापलं की आत वाफ धरते आणि लिव्हर नुसताच आत जातो. म्हणून दोन वर्षांत ते बदलायचं असतं. किती जणांनी बदललंय? आणि घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नसतं. ज्या गिअरात चढलो असतो त्याच्या आसपासच्या गिअरात उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना काय बोलणार?

तिसरी चेन. पाचशे-सातशे किलोमीटरला पुसून तेल द्यायचं, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. लई ताणायची नाही, लई ढिली ठेवायची नाही. दोघं बसल्यावर ती आणखी ताणते, हे लक्षात ठेवून मेस्त्रीकडनं लावून घ्यायची. स्प्रॉकेटचे दात शार्कसारखे वाकलेले दिसले तर नुसती चेन बदलून भागत नाही, सगळा सेट बदलायचा.

चौथं वजन. प्रत्येक गाडीची वजनाची मर्यादा पुस्तकात असते आणि तिच्यात तुम्हीही मोजलेले असता. जड सामान खाली आणि सीटच्या जवळ, हलकं वर. मागच्या उंच पेटीत स्टो, हत्यारं, पाण्याच्या बाटल्या कोंबल्या की हँडल डोलायला लागतं. शॉकअप दोघांच्या वजनाला घट्ट करायला एक पाना आणि दोन मिनिटं लागतात.

पाचवं वायरिंग. फॉगलाइट लावायचेच तर रिले आणि फ्यूज टाकून लावा. हेडलाइटच्या वायरीला सोलून जोडलेले लाइट आडरानात वायर वितळवतात. आणि ते सगळे अप्पर करून समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपवू नका. त्यालाही वळण दिसलं पाहिजे, नाहीतर तो तुमच्या अंगावर येईल.

सोबत न्यायचं सामान एका पिशवीत बसतं. क्लच आणि अॅक्सिलेटरची केबल, प्लग, फ्यूज, चेनचा लॉक, इन्सुलेशन टेप, पाने, हवेचा छोटा पंप. तारांचं चाक असेल तर बहुतेक वेळा आत ट्यूब असते. तिथं ट्यूबलेसचा पंक्चर किट काही उपयोगाचा नाही, जादा ट्यूब आणि टायर काढायची पट्टी हवी. आपले जुने बुलेटवाले तर नवी क्लच केबल जुनीच्या शेजारीच टाकून ठेवायचे. तुटली की दहा मिनिटांत गाडी चालू. हे शहाणपण आपल्याच गावात होतं. ते विचारायला आता कुणी जात नाही, सगळे व्हिडिओ बघतात.

आता येणारी उत्तरं मला माहीत आहेत.

'गाडीला एबीएस आहे.' असू दे. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. गोट्या टायरला पकड कुठून आणणार? आणि 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते बंधनकारक झालं एप्रिल 2019 पासून. त्याआधीची सेकंडहँड घेतली असेल तर आधी एबीएस आहे का ते बघा.

'शोरूमला सर्व्हिसिंग केलीय.' तिथं काय बदललं, ते बिलात वाचलंत? ऑइल, फिल्टर आणि धुलाई. पॅड किती उरलेत हे विचारलंत का?

'रस्तेच खराब आहेत.' आहेतच. त्या खड्ड्यांवर आणि अर्धवट कामांवर ठेकेदाराला आणि खात्याला जाब विचारायलाच पाहिजे. पण रस्ता खराब आहे हे माहीत असताना गोटा टायर घेऊन जाणं, हे शहाणपण कुठलं?

'पैसे नाहीत.' इथं मात्र मी ऐकून घेणार नाही. ज्याच्याकडं खरंच पैसे नाहीत तो माणूस शंभर सीसीच्या गाडीवर दूध घालतो, आणि बऱ्याचदा त्याची चेन तुमच्यापेक्षा चांगली असते, कारण गाडी बंद पडली तर त्याचा दिवस बुडतो. तुमच्या चार फॉगलाइटच्या पैशात टायर आणि मागच्या माणसाचं हेल्मेट दोन्ही येतं.

हेल्मेटचं तर स्पष्टच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला, दोघांनाही लागू आहे. नवी दुचाकी विकताना आयएसआयचं हेल्मेट द्यायचं, असा केंद्रीय नियमच आहे. किती जणांना मिळालं, कमेंटमध्ये लिहा. 1 जून 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. तरी रस्त्याकडेला दीडशे-दोनशेच्या टोप्या उघड विकल्या जातात आणि पोलीस त्यांच्यासमोरच उभे राहून हेल्मेटची पावती फाडतात. पावतीला घाबरून लोक टोपी घेतात. दंड वाचतो, डोकं वाचत नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या. एक, जे नेते झेंडा दाखवायला येतात त्यांनी आधी विचारावं: मागच्या माणसांना हेल्मेट आहे का? नसेल तर झेंडा खाली. दोन, राइड काढणाऱ्या ग्रुपनी आदल्या दिवशी गावातल्या एखाद्या मेस्त्रीला बसवून प्रत्येक गाडीचे टायर, ब्रेक, चेन तपासून घ्यावेत आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. जो नापास, त्याची गाडी घरी. तीन, पोलिसांनी हेल्मेट न घालणाऱ्याइतकंच बनावट हेल्मेट विकणाऱ्यावरही बघावं. चार, अपघातानंतर गाडीच्या तपासणीत काय निघालं, ते लोकांसमोर यावं. 'ताबा सुटला' एवढ्यावर आता कुणी भागवू नये.

यात एकही गोष्ट मुंबई-दिल्लीवरून मंजूर होऊन यायची नाही. दुसरी मागणी तर याच रविवारी होऊ शकते. ज्या ग्रुपला करायचीय त्यांनी सांगावं, मी पोस्ट टाकतो, मेस्त्री बघून देतो.

राग आला असेल तर खाली जरूर भांडा. फक्त भांडायच्या आधी एकदा उठून, गाडीमागं उकिडवं बसून, मागच्या टायरच्या खाचेत बोट घालून बघा. मग लिहा.