बिल्डर येईपर्यंत चोक जाळायचा का?

पुण्याच्या कर्वेनगरात मी वायरमनचं काम करतो. कमिन्स कॉलेजच्या रस्त्यापासून राजाराम पुलापर्यंत जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांचे जिने मला पाठ आहेत. कितीतरी जिन्यांत अजून तीच ४० वॅटची जाड ट्यूब, गंजकी लोखंडी पट्टी आणि आत गुणगुणणारा तांब्याचा चोक. एलईडी लावून घ्या म्हटलं, की सेक्रेटरींचं उत्तर ठरलेलं : "अहो, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. आता कशाला खर्च?"

मला हे पटत नाही. हिशेबच मांडतो.

४० वॅटच्या ट्यूबबरोबर चोकही १२ ते १५ वॅट खातो. म्हणजे एक पट्टी साधारण ५४ वॅटची. जिन्याला पुरेल एवढा उजेड २० वॅटची एलईडी पट्टी देते. दिवे रात्रभर बारा तास चालले, तर एका पट्टीमागे वर्षाला १५० युनिट वाचतात. सोळा पट्ट्यांचे झाले २,४०० युनिट. युनिटला आठच रुपये धरले, तरी वर्षाला १९ हजार. बरी पट्टी मजुरीसकट पाचशेच्या आत बसते. म्हणजे आठ हजारांचा खर्च पाच महिन्यांत वसूल.

आता पुनर्विकास. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ)च्या नियमांप्रमाणे सभा, प्रकल्प सल्लागार, टेंडर, डेव्हलपरची निवड, करार, मग महापालिकेची परवानगी. पाच महिन्यांत रिकामी झालेली इमारत मी तरी पाहिलेली नाही. आणि उद्या खरंच घरं खाली करायची वेळ आली, तर दोन स्क्रू काढून पट्टी घरी न्या. ती काही भिंतीत चिणलेली नसते.

गंमत म्हणजे याच सभासदांच्या घरात सगळीकडे एलईडी आहे. २०१५ मध्ये केंद्राची उजाला योजना आली, दर उतरले आणि लोकांनी घरचे बल्ब बदलले. सामायिक मीटरचं बिल मात्र मेंटेनन्समध्ये विरघळतं, म्हणून कोणाला बोचत नाही. बोचतो तो लुकलुकणारा जिना. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजी-आजोबांना विचारा.

यात माझाही धंदा आहे, नाकारत नाही. पण वर्षभर स्टार्टर आणि चोक बदलायला मला बोलावता, त्यात माझे जास्त सुटतात.

बदलायचं तर नीट बदला. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब खोचायचा मोह टाळा. त्यासाठी चोक काढून वायरिंग डायरेक्ट करावं लागतं आणि पुढे कोणी चुकून त्यात जुनी ट्यूब लावली, तर धोका. पूर्ण पट्टीच बदला, बीआयएसचं चिन्ह बघून घ्या, वॉरंटीची पावती सोसायटीच्या फाइलला लावा.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. फोडून सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपल्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तो कचरा हाताने वेगळा करतात. ट्यूब अख्ख्या ठेवा, कागदात गुंडाळा आणि वेगळ्या द्या. तसंही या ट्यूबचे दिवस भरलेत : पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या परिषदेत त्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. भारतही त्या करारात आहे.

तेव्हा पुढच्या सभेत पुनर्विकासावर खुशाल भांडा. फक्त विषयपत्रिकेवर त्याच्या आधी जिन्यातल्या पट्ट्यांचा विषय घ्या. तो दहा मिनिटांत संपेल.