शाळेचे पत्रक आणि घरची भाषा

कुंभकोणम्‌च्या पूर्वेस काही किलोमीटरांवर असलेले तिरुनागेश्वरम् हे गाव राहूच्या स्थानासाठी प्रसिद्ध आहे. त्याच गावात उप्पिलियप्पन या नावाने पूजिल्या जाणाऱ्या विष्णूचे मंदिर आहे आणि त्या देवाला मिठाचा नैवेद्य चालत नाही. स्थळकथा अशी की, मार्कंडेय ऋषींच्या कन्येला मागणी घालण्यासाठी देव वृद्धाचे रूप घेऊन आला. मुलगी लहान आहे, अन्नात मीठ किती घालावे एवढेही तिला कळत नाही, असे ऋषींनी सांगितले. तेव्हा अळणी अन्न मी आनंदाने खाईन, असे देवाने उत्तर दिले. या गावातील निरक्षर म्हातारीलाही हा नियम ठाऊक असतो. इतकेच नव्हे, तर तो का आहे हेही ती नातवंडांना सांगू शकते. नियम आणि त्याचे कारण ही दोन्ही येथे एकाच भाषेत, एकाच मुखाने, एका पिढीकडून दुसरीकडे गेली आहेत.

याच गावातील एका तंजावरी मराठी कुटुंबात गतवर्षी जाण्याचा योग आला. घरात बोलली जाणारी भाषा मराठी. वाचन आणि लेखन तमिळमध्ये. मोडी विस्मरणात गेलेली, देवनागरीशी संबंध स्तोत्रांच्या पुस्तकापुरता. थोरला मुलगा नववीत नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसला होता. वडिलांची समजूत अशी की, आठवीपर्यंत जसा मुलगा वर चढत गेला तसाच तो पुढेही जाईल, आणि एका विषयातील उणीव दुसऱ्या विषयातील गुणांनी भरून निघेल. शाळेने प्रवेशाच्या वेळी पत्रक दिले नव्हते काय, असे मी विचारले. ते शांतपणे म्हणाले, ‘‘कागद आला होता. वाचलाही होता.’’ या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

ते अंतर केवळ एका घरातील गैरसमजाचे नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेत आठवी आणि नववी यांच्यामध्ये एक उंबरठा आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे. मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नये, हे त्या कायद्याने दिलेले संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांच्या इच्छेवर सोपविले. तमिळनाडूने ते टिकवून धरले, पण आठवीपर्यंतच. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा निर्देश दिला आहे. तोही प्राथमिक अवस्थेपुरता. म्हणजे विद्यार्थी माध्यमिक शाळेत शिरतो तेव्हा मातृभाषेचा आधार, वर चढण्याची खात्री आणि कायद्याचे छत्र ही तिन्ही एकदम मागे पडलेली असतात. पुढे दहावीच्या शालान्त परीक्षेत प्रत्येक विषयात शंभरांपैकी ३५ गुण मिळवावे लागतात. गणितातील ९० गुण इंग्रजीतील ३० गुणांच्या मदतीला येत नाहीत. जेथे हक्क संपतात आणि अटी सुरू होतात, नेमक्या त्या ठिकाणी शाळेने पालकांशी सर्वांत स्पष्ट बोलावयास हवे. प्रत्यक्षात तेथेच तिची भाषा सर्वांत दुर्बोध होते.

ही दुर्बोधता कठीण शब्दांमुळे येते असे मानण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. आपल्या परिचयाचे मराठी पत्रकच पाहावे. ‘पालकांना कळविण्यात येते की’, ‘नोंद घेण्यात यावी’, ‘अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल’. यातील एकही शब्द अनोळखी नाही. परंतु कळविणारा कोण, नोंद घ्यावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, कारवाई कोण, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी करणार, याचा पत्ता वाक्यात कोठेही लागत नाही. कर्ता लुप्त झालेले हे गद्य पालकाला उद्देशून लिहिलेलेच नसते. ते उद्या तक्रार उद्भवली तर फायलीतून काढून दाखविण्यासाठी लिहिलेले असते. त्याचा खरा वाचक वरिष्ठ अधिकारी होय. पालक हा केवळ पोच देणारा. तमिळमध्ये हा प्रश्न आणखी तीव्र आहे, कारण तेथे लेखनाची भाषा आणि बोलण्याची भाषा यांच्यातील अंतर मराठीपेक्षा पुष्कळ मोठे आहे. म्हणून ज्यांची मातृभाषा तमिळ आहे, अशा शेतमजुराच्या घरीही तोच कागद तसाच मुका राहतो.

कुंभकोणम्‌ला या प्रश्नाची एक जुनी आणि जगाला ठाऊक असलेली साक्ष आहे. येथल्या टाऊन हायस्कूलमधून पारितोषिक मिळवून बाहेर पडलेला श्रीनिवास रामानुजन १९०४ साली शासकीय महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाला, आणि इंग्रजीत नापास झाल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये तो घर सोडून विशाखापट्टणम्‌ला निघून गेला. चरित्रकार सांगतात की, त्याची आई प्राचार्यांकडे दाद मागण्यास गेली होती. प्राचार्य सौजन्याने वागले, पण बधले नाहीत. ही भेट मला फार अर्थपूर्ण वाटते. आई मुलाच्या गणिताविषयी बोलत होती. प्राचार्य नियमाविषयी बोलत होते. नियम योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. पण तो नियम कशासाठी आहे, तो मोडला तर पुढे कोणता मार्ग उरतो, हे त्या घराला आधी उमजेल असे कोणी सांगितले होते काय? सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याची अट रामानुजनच्या प्रतिभेला समजली नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. ती त्याच्या आईलाही समजली नव्हती, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

नवे ज्ञान आणि नव्या अपेक्षा लोकांपर्यंत त्यांच्याच वळणाने न्याव्या लागतात, ही जाणीव या प्रदेशाला नवी नाही. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) ‘पंचभाषाविलास’ या नाटकात पाच भाषा एका रंगमंचावर आणल्या. प्रत्येक पात्र आपल्या भाषेत बोलते आणि तरीही संवाद खुंटत नाही. सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२) युरोपीय भूगोल आपल्या प्रजेसमोर मांडावयाचे ठरविले, तेव्हा ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक सिद्ध झाले. भविष्य सांगणारी कोरवंजी हे तमिळ रंगभूमीवरील ओळखीचे पात्र. तिच्या तोंडी, गाण्यांमधून, खंड आणि देश यांचे वर्णन घातले आहे. विषय सर्वस्वी नवा, परंतु सांगणारी बाई घरच्यांना ठाऊक असलेली. आधुनिक शिक्षणाच्या इतिहासात या नाटकाला जे स्थान द्यावयास हवे ते आपण अद्याप दिलेले नाही.

याहून जवळचे उदाहरण कुंभकोणम्‌मध्ये १८२८ साली जन्मलेल्या सर टी. माधवराव यांचे आहे. तंजावरी मराठी घराण्यातील हा पुरुष त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. १८७५ साली कवळाण्याच्या शेतकरी घरातून आणलेला बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक बसला. तोच पुढे सयाजीराव झाला. त्याच्याहून अधिक ‘नवा विद्यार्थी’ कोणता असणार? राज्याधिकार हाती येण्यापूर्वी, १८८१ साली, माधवरावांनी त्याला व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजाने काय करावे आणि काय करू नये याची ही केवळ यादी नव्हे. प्रत्येक अपेक्षेमागे कारण आहे आणि ती न पाळल्यास काय घडते याचा विचार आहे. पुढे निवृत्तीच्या काळात माधवरावांनी भारतीय पालकांसाठी मुलांच्या जडणघडणीविषयीही एक छोटे पुस्तक लिहिले. ज्याला तीन संस्थाने चालविण्याचा अनुभव होता, त्याला आईबापांशी समजेल असे बोलणे कमीपणाचे वाटले नाही. आपल्या प्राध्यापकवर्गाने याची नोंद घ्यावी, आणि येथे ‘नोंद घेणे’ हा शब्दप्रयोग मी कर्त्यासह वापरीत आहे.

यावर एक आक्षेप असा येईल की, शाळेचे पत्रक हा शिक्षणखात्याचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे? उत्तर असे की, ते भाषेतील लेखन आहे आणि आपल्या देशात कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक घरांत ते पोचते. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणत्या परंपरेतून लिहिले, हे प्रश्न आपण राजकवींच्या प्रशस्तींना विचारतो; ते या कागदालाही विचारता येतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तंजावरच्या मराठी मुलांनी तमिळमध्ये शिकणे हेच त्यांच्या हिताचे असताना, मराठीचा हा आग्रह म्हणजे गतवैभवाचा मोह नव्हे काय? मी असा आग्रह धरीत नाही. शाळेची भाषा तमिळ असावी हे उचितच आहे. माझे म्हणणे एवढेच की, शिकविण्याची भाषा एक असली तरी समजावण्याच्या भाषा अनेक असू शकतात. कुंभकोणम्‌च्या परिसरात तमिळबरोबर तेलुगू, मराठी आणि रेशीम विणणाऱ्यांची सौराष्ट्री नांदते. यांपैकी कोणत्याही भाषेत अर्धा तास बोलणारा माणूस गावातच सापडतो. त्यासाठी अनुदान लागत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून कुंभकोणम्‌विषयीचा हा लेख पुरा होणार नाही. १६ जुलै २००४ रोजी या शहरातील एका शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुले मृत्यू पावली. छप्पर कशाचे आहे, बाहेर पडण्याच्या वाटा किती आहेत, एका इमारतीत किती मुले बसतात, हे विचारण्याचा अधिकार पालकांना होता. मात्र तो अधिकार त्यांना कोणत्या कागदाने सांगितला असता? शाळेची पत्रके मुलाचे कर्तव्य सांगतात, पालकाचे कर्तव्य सांगतात. शाळेचे कर्तव्य त्यांत क्वचितच आढळते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. ज्यांना शाळेचे नियम कळत नाहीत ते समितीत बसून सही करतील. प्रश्न विचारणार नाहीत. म्हणून स्पष्ट भाषा ही सोयीची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे.

यासाठी करावयाचे ते फार अवघड नाही. नववीच्या प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात शाळेने पालकांना बोलावून नियम वाचून दाखवावेत, आणि वाचून झाल्यावर बोलीत सांगावेत. प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण सांगावे, आणि तो पाळता आला नाही तर कोणाकडे, किती दिवसांत जावयाचे, हेही सांगावे. आजारपणामुळे हजेरी कमी पडली, बदलीचा दाखला वेळेवर आला नाही, एका विषयात मूल मागे राहिले, या तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येक घरात घडतात. त्यांची उत्तरे तयार असावीत. कागदाच्या एका बाजूस मुलाने काय करावयाचे ते असेल, तर दुसऱ्या बाजूस शाळा काय करील ते असावे. शेवटी एखाद्या पालकालाच उभे करून, ‘आता तुम्ही सांगा,’ असे म्हणावे. त्याने जे सांगितले तेच त्या पत्रकाचे खरे भाषांतर होय. आणि आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनी भाषांतराच्या अभ्यासक्रमात, एखाद्या कवितेइतक्याच गांभीर्याने, जवळच्या एका शाळेचे पत्रक विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. त्या कामात भाषेची किती शक्ती खर्च होते, हे करून पाहिल्यावरच कळेल.

तिरुनागेश्वरम्‌च्या त्या घरातून निघताना आजीने उप्पिलियप्पनचा प्रसाद हातावर ठेवला आणि मीठ का नाही ते मला न विचारता सांगितले. आत तिचा नातू नववीची पुस्तके दुसऱ्यांदा उघडून बसला होता. देवळाचा नियम तिला शेकडो वर्षांच्या अंतरावरून समजला होता. शाळेचा नियम मात्र दोन मैलांवरूनही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तो तिच्यापर्यंत पोचविण्याचे काम शाळेचे आहे, आणि भाषा हा ज्यांचा व्यवसाय आहे अशा आपल्यासारख्यांचेही.