160 चौरस फूट, तेव्हाचे आणि आताचे



नातवंडांच्या इतिहासाच्या पुस्तकात आदिमानवाचं चित्र असतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. वाढलेल्या जटा, हातात सोटा, मागे काळोखी गुहा. बाई असलीच तर कोपऱ्यात शेकोटीपाशी. त्या चित्रावरून मुलांना वाटतं की माणूस आधी गुहेत राहिला आणि मग एकदम पक्क्या घरात आला. मधला सगळा हिशेब गायब. मी बी.कॉम. आहे, खतावणीतली मधली पानं फाटलेली मला चालत नाहीत.

गुहेत माणूस राहिला हे खरंच आहे. भोपाळजवळचं भीमबेटका 1957 मध्ये जगापुढे आलं ते डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांमुळे. आपलेच मराठी गृहस्थ, जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. आगगाडीतून जाताना त्यांना त्या टेकड्यांचे खडक वेगळे वाटले आणि ते पुढे तिथे पोचले. सातशेहून अधिक निवारे आहेत तिथे, 2003 पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. सगळे लोक भिंतीवरची चित्रं पाहून परत येतात. मला मात्र तिथल्या जमिनीचं कौतुक वाटतं. प्रा. वि. ना. मिश्र यांच्या उत्खननात लाखभर वर्षांहून जुन्या थरात सपाट दगड बसवून केलेली फरशी सापडली. छप्पर डोंगराने दिलं, पण खाली फरशी माणसाने घातली. बसायला-निजायला जागा सपाट हवी, ओल वर येता कामा नये, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. कुणाच्या ते मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या.

पण डोंगर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आजच्या युक्रेनमध्ये मेझिरिच नावाच्या गावी पंधरा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी मॅमथच्या हाडांची घरं रचली, कारण थंडी कडाक्याची आणि लाकूड कमी. जे हाताशी असेल त्याचं घर. आणि आपल्या महाराष्ट्रात? सह्याद्रीत लेणी भरपूर, पण ती दोन हजार वर्षांच्या आसपासची, छिन्नीने कोरलेली. त्याच्याही हजार-दीड हजार वर्षं आधी आपले शेतकरी नदीकाठी, माती आणि कुडाच्या घरात राहत होते.

हे इतक्या खात्रीने सांगता येतं ते इनामगावमुळे. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. डेक्कन कॉलेजने 1968 मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही मंडळी तिथे वर्षानुवर्षं खपली. इ.स.पूर्व 1600 ते 700, म्हणजे नऊशे वर्षांची वस्ती. सव्वाशेहून अधिक घरं उघडी पडली. घरं म्हणजे काय, तर खांबांचे खळगे, चोपून केलेली जमीन, चूल, धान्याचं पेव. खांब कधीच कुजून गेले, पण त्यांच्या जागची माती वेगळ्या रंगाची राहिली. त्या गोल डागांवरून घराचा आकार काढायचा. जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, सगळ्याचे जळके दाणे सापडले. (कुळथाचं पिठलं साडेतीन हजार वर्षांपूर्वीही होत असेल का, असा विचार माझ्या मनात येतोच.) ते लोक मांसाहारी होते, प्राण्यांची हाडंही सापडली आहेत. आपण जैन आहोत म्हणून ते वाक्य गाळून इतिहास सांगायचा, हे मला पटत नाही.

आता माझा हिशेब ऐका. इनामगावचा मधला काळ घेऊ, इ.स.पूर्व 1400 ते 1000. तेव्हाची घरं चौकोनी, साधारण 5 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद. झाले 15 चौरस मीटर. एका चौरस मीटरचे पावणेअकरा चौरस फूट धरले, तर 161 चौरस फूट.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी इंग्रजांनी 1920 च्या दशकात बांधल्या. 207 इमारती, तळमजला अधिक तीन, आणि खोली किती? 160 चौरस फूट. गिरणगावातली एक खोली आणि घोड नदीकाठचं एक घर यांच्यात एका चौरस फुटाचा फरक. मी तीनदा गुणाकार करून पाहिला.

यावरून कुणी म्हणेल, बघा, माणसाला तेवढंच पुरतं, उगाच मोठ्या फ्लॅटचा हव्यास कशाला. थांबा. मी चाळीत अडतीस वर्षं काढली आहेत. सार्वजनिक संडासासमोर बादली घेऊन उभं राहण्यात काही संस्कृती-बिंस्कृती नसते. सुनेचं बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण आणि मुलाची दहावी एकाच खोलीत, एकाच वर्षी मी पार पाडली आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक लोक चाळ सोडून गेलेले असतात. बीडीडीच्या बायकांना 160 च्या जागी 500 चौरस फुटांचं घर आणि स्वतःची मोरी-संडास मिळत असेल, तर ते त्यांच्या हक्काचंच आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. इनामगावच्या त्या 161 चौरस फुटांत ते लोक ‘मावत’ नव्हतेच. घर बाहेर सांडलेलं होतं. अंगणात चुलीचे खड्डे, दोन घरांमधून दीडेक मीटरची वाट. पुढे इ.स.पूर्व 1000 नंतर पाऊस कमी झाला, शेती हटली, शिकारीवर भिस्त वाढली आणि घरं लहान झाली, चौकोनी जाऊन गोल झोपड्या आल्या. पण त्या झोपड्याही सुट्या नव्हत्या. तीन-चार झोपड्या मिळून मधे एक अंगण, आणि अभ्यासकांचा तर्क असा की तो सगळा घोळका मिळून एकच कुटुंब असावं. दुष्काळात खोली आखडली, अंगण नाही आखडलं. आपल्या चाळीतही तसंच. खोली 160 ची, पण गॅलरी, जिना, चौक मिळून घर केवढंतरी. पापड गॅलरीत, गव्हाचं निवडणं गॅलरीत, मुलांचा अभ्यास जिन्यात. खोलीचं भाडं देत होतो, राहत होतो अख्ख्या मजल्यावर.

आणि तिथेही सगळे सारखे नव्हते हं. एक घर पाच खोल्यांचं, शेजारीच धान्याचं कोठार. ते प्रमुखाचं असावं. कारागीर वस्तीच्या कडेला. म्हणजे ‘लोकेशन’चा भाव तेव्हाही होता.

एक गोष्ट वाचून मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. इनामगावला लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यात त्याला निजवत, आणि ती घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठी माणसंही घरातच पुरत, पण त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये म्हणून, असा तर्क आहे. आपण मानतो की जीव देह सोडतो तो थेट पुढच्या गतीला, मागे वळून बघत नाही. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घर म्हणजे ‘कुणी जाऊ नये’ अशी जागा केली. आपल्या शास्त्राने शब्दच उलट बाजूने घेतला. ‘अगार’ म्हणजे घर. आपण गृहस्थ ते सागार, घरासह. मुनी ते अनगार, घराविना. आपला सगळा धर्म या दोघांच्या देवाणघेवाणीवर उभा आहे. घर असलेल्याने घर नसलेल्याला आहार द्यायचा, आणि चातुर्मासात डोक्यावर छप्पर.

हे काही अलीकडचं नाही. मावळात पाले गावाजवळ एका लेण्यात अरहंतांना वंदन करून सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. लेणं आणि पाण्याचं टाकं करवल्याची त्यात नोंद आहे. निवारा आणि पाणी, दोन्ही एकाच नोंदीत, हे मला फार आवडलं. आपल्या सी. पी. टँकची हिराबाग धर्मशाळा शेठ माणिकचंदांनी वडिलांच्या, हिराचंद गुमानजींच्या नावाने बांधली, तीही याच हिशेबातली.

आता आमच्या चाळीकडे येते. गिरगावातली आमची चाळ पाडून टॉवर होणार आहे. 48 खोल्या. नकाशा आला, सभा झाली, पुरुषमंडळींनी तीन तास एकाच आकड्यावर घासाघीस केली : प्रत्येकी किती चौरस फूट. नकाशात व्यायामशाळा आहे, कारण आता जिने चढायचे नाहीत. तळमजल्यावर मोटारी. सगळ्यांनी मिळून बसावं अशी खोली एकही नाही.

मी विचारलं, महाराज आले तर चौका कुठे लावायचा? आमच्याकडे आजवर आहार झाला तो तळमजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत. तिथे सोवळं पाळता यायचं, चौकातल्या विहिरीचं पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडता यायची. मुनी किंवा माताजी लिफ्टमध्ये पाऊल ठेवणार नाहीत, आणि बाविसाव्या मजल्यापर्यंत जिना चढून या, असं कोणत्या तोंडाने पडगाहन करायचं? यावर एक तरुण सभासद हसून म्हणाला, “काकू, महाराज काय रोज येतात का?” नाही येत. पण जिमलाही रोज कोण जातं ते मी दोन वर्षांनी विचारीन.

माझी मागणी अशी आहे, आणि तुमच्या चाळींतही हीच वेळ येणार म्हणून लिहिते आहे. प्रत्येक घराने 6 चौरस फूट सोडावेत. 48 गुणिले 6, झाले 288. तळमजल्यावर एक मोठी खोली, पाण्याची सोय, दोन दारं. एका लोखंडी कपाटाला साडेचार चौरस फूट लागतात, म्हणजे घरटी दीड कपाटाची जागासुद्धा जात नाही. मात्र ही खोली करारात लिहून घ्यायची. तोंडी आश्वासनाला आमच्या कॉलेजच्या भाषेत किंमत शून्य.

आणि ती ‘जैनांची खोली’ नसावी. आमच्या चाळीत आपली घरं चार आहेत. बाकी कोकणातली, घाटावरची, सगळी खातीपिती मंडळी. शेजारी बोंबील तळले की मी खिडकी लावते आणि ते लोक पर्युषणात त्या दहा दिवसांत स्वतःहून जपतात. हे अडतीस वर्षं कुणी कुणाला न सांगता चाललं आहे. आपल्यातल्या काही भगिनी म्हणतात, एवढं कशाला, सरळ शाकाहारी टॉवरमध्ये जावं. त्यांचा निर्णय त्यांच्यापाशी. मला तो पटत नाही. ज्या शेजारणीने मध्यरात्री माझ्या सासऱ्यांना खांद्याला धरून खाली उतरवलं, तिची कढई मी मोजत बसणार नाही. त्या खोलीत त्यांचं तेरावं होईल, हळदीकुंकू होईल, मुलांची परीक्षेची बैठक होईल. आहार असेल त्या दिवशी सकाळी ती आम्हाला धुऊनपुसून मिळावी, एवढंच. एवढं ते देतील, मी विचारलं आहे.

पुराणात भोगभूमीत दहा प्रकारचे कल्पवृक्ष सांगितले आहेत. त्यातला एक आलयांग, घर देणारा. ते वृक्ष ओसरले तेव्हा आदिनाथ भगवंतांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प शिकवलं. म्हणजे घर झाडाला लागायचं बंद झालं आणि माती खणणं आलं, आरंभी हिंसा आली, शेजाऱ्याशी बोलणी करणं आलं. बिल्डरचा तो गुळगुळीत रंगीत कागद पाहून आमच्या सभेत काही जणांचा चेहरा असा झाला होता, की आलयांग पुन्हा उगवलाय.

खर्चाचं विचारतात, त्या खोलीची झाडलोट, वीज, दुरुस्ती कोण देणार. 48 ने भागा. तेराव्यासाठी बाहेर हॉल घ्यायचा म्हटलं तर एका दिवसाला काय लागतं, ते ज्यांच्या घरी नुकतं झालंय त्यांना विचारा आणि मग तो आकडा या आकड्याशेजारी लिहा. पुढची सभा चातुर्मास लागायच्या आत आहे. सभेला बायकांनी यावं, कारण सभासदत्व नवऱ्याच्या नावावर असलं तरी सहीआधी घरात विचारलं जातंच. तुमच्या इमारतीच्या नकाशात अशी खोली मिळाली असेल तर करारात कलम कसं घातलं ते मला खाली लिहून कळवा, मला मसुदा करायचा आहे.