विश्लेषण : मनसोक्त हसण्यासाठी शहर का गाठावे लागते?

टीव्हीवर नेहमी दिसणारा, मोबाइलवर फुकट मिळणारा विनोदी कलाकारांचा आवडता चमू प्रत्यक्ष पाहायचा, म्हणून सोलापूर, लातूर किंवा चिपळूणहून मुंबई-पुणे गाठणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. 'हसण्यासाठी एवढा खर्च?' असे म्हणून त्यांच्याकडे पाहून नाके मुरडली जातात. पण हा खर्च नेमका कशावर होतो, हे तपासले तर दोष हौशी प्रेक्षकाचा नाही, हे लक्षात येते.

घरी फुकट दिसते, मग जायचे कशाला?

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून घराघरांत पोहोचली. त्यातील प्रहसने लोकांना संवादांसह पाठ आहेत. तरीही तेच कलाकार रंगमंचावर येणार म्हटले की तिकीटबारीकडे पावले वळतात. हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. 'मॉन्टी पायथन' हा ब्रिटिश विनोदवीरांचा चमू १९६९ मध्ये बीबीसीवर आला. २०१४ मध्ये त्यातील हयात असलेले पाच जण लंडनच्या ओटू अरीनात पुन्हा एकत्र आले, तेव्हा पहिल्या प्रयोगाची तिकिटे ४३.५ सेकंदांत संपली. एकाचे दहा प्रयोग करावे लागले. प्रेक्षकांना ऐकायचे होते ते बहुतांशी जुनेच, चार दशके घासून गुळगुळीत झालेले विनोद.

याचे कारण विनोदापेक्षा हसण्यात आहे. रॉबर्ट प्रोवाइन या अमेरिकी अभ्यासकाच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. म्हणजे मोबाइलवर आपण विनोद 'पाहतो'. नाट्यगृहात तो आपल्याला 'होतो'.

पडदा आणि रंगमंच यांत फरक काय?

टीव्हीवर चुकलेले वाक्य पुन्हा घेता येते, रेंगाळलेला भाग कापता येतो, नेमका चेहरा जवळून दाखवता येतो. रंगमंचावर यातले काहीच हाताशी नसते. तिथे नट हशा ओसरण्याची वाट पाहतो. लवकर बोलला तर वाक्य हशात बुडते, उशिरा बोलला तर प्रयोग थंडावतो. शनिवारच्या रात्रीचा प्रयोग आणि रविवारच्या दुपारचा प्रयोग म्हणून सारखे नसतात. मागच्या रांगेतल्या एखाद्या आजोबांच्या खणखणीत हसण्याने अख्खे सभागृह पेटते. अर्धा प्रयोग प्रेक्षकच करत असतो. मोबाइलवर चित्रण करू नका, ही विनंती त्यासाठीच असते. हात वर धरून बसलेला प्रेक्षक टाळी देत नाही आणि बाहेर फुटलेला विनोद पुढच्या गावात शिळा होतो.

खर्चाचे गणित कुठे बिघडते?

तिकिटाचा भाग आधी पाहू. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. त्यापुढे तो १८ टक्के लागतो. मूळ किंमत ८०० रुपये असेल तर चौघांचे ३२०० आणि त्यावर ५७६ रुपये कर, म्हणजे ३७७६ रुपये झाले. ऑनलाइन आरक्षणाचे शुल्क वेगळे. पुण्यात राहणाऱ्या कुटुंबाचा खर्च जवळपास इथेच संपतो. सोलापूरच्या कुटुंबाचा इथे सुरू होतो. येण्याजाण्याचे भाडे, दोन वेळचे जेवण, रिक्षा आणि प्रयोग रात्री साडेनऊचा असेल तर मुक्काम. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने थोडा हातभार लागतो. पण लॉजवाला सवलत देत नाही.

इथे कळीचा मुद्दा वेळेचा आहे. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून निघते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून परतीला लागते. दुपारी साडेबाराचा प्रयोग असेल तर तो पाहून, चहा घेऊन ही गाडी पकडता येते. संध्याकाळचा किंवा रात्रीचा असेल तर ती चुकलीच. तिकीट तेच, नट तेच. पण प्रयोगाच्या वेळेपायी बाहेरगावच्या प्रेक्षकाचा खर्च बदलतो.

पूर्वीही असेच होते का?

नव्हते. उलट हसवणारेच गावोगाव फिरत. नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी तिथे येऊन यात्रेची सुपारी देतात आणि फड ट्रकमध्ये कनाती टाकून गावात येतो. वगातला सोंगाड्या पाहायला कुणाला मुक्काम करावा लागत नव्हता. लक्ष्मण देशपांडे यांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) राहून 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली ५२ पात्रे एकट्याने उभी केली आणि तो प्रयोग गावोगाव, पुढे परदेशातही नेला. विनोद मुंबई-पुण्यातच पिकतो, हा समज त्यांनी कधीच खोटा ठरवला आहे.

मग आज कलाकार गावात का येत नाहीत?

येतात, पण कमी आणि मोजक्या ठिकाणी. दहा-बारा जणांचा चमू, तंत्रज्ञ, बस, मुक्काम हा खर्च एका प्रयोगात निघत नाही. दौरा आखायचा तर वाटेवरच्या तीन-चार गावांत बरे नाट्यगृह हवे. नेमकी ती साखळी तुटली आहे. ध्वनियंत्रणा खरखरते, वातानुकूलन बंद असते, स्वच्छतागृहात पाऊल ठेववत नाही, या तक्रारी रंगकर्मी वर्षानुवर्षे करत आहेत. शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. अशी एक वास्तू गेली की केवळ त्या शहराचे नुकसान होत नाही. त्या बाजूने जाणारा दौराच परवडेनासा होतो.

काय करता येईल?

दोन गोष्टी लगेच शक्य आहेत. निर्मात्यांनी मोठ्या शहरांत रविवारी दुपारचा किमान एक प्रयोग बाहेरगावच्या प्रेक्षकासाठी राखावा आणि परतीची गाडी लक्षात घेऊन तो वेळेवर संपवावा. पालिकांनी नवी नाट्यगृहे जाहीर करण्याआधी आहेत त्यांच्या देखभालीची तरतूद दरवर्षी अर्थसंकल्पात करावी आणि ती खर्चही करावी. करमुक्तीची मर्यादा २०१८ मध्ये ५०० रुपयांवर नेली होती. तेव्हापासून सगळे महागले, ती मात्र तिथेच आहे. ती वाढवण्याची मागणीही लावून धरायला हवी.

आवडत्या कलाकारांसाठी वर्षातून एकदा शहर गाठणे ही उधळपट्टी नाही. चार माणसांनी एका अंधाऱ्या सभागृहात हजार अनोळखी माणसांबरोबर हसणे, हे घरात चार वेगवेगळ्या मोबाइलवर हसण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. ज्यांना जमते त्यांनी जरूर जावे. मात्र ज्या गावात नाट्यगृहाला कुलूप आहे, तिथला माणूस तिकिटाव्यतिरिक्त जे पैसे मोजतो, ती त्या कुलपाची किंमत असते. ती त्याच्या खिशातून का जावी, हा प्रश्न पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्यांना विचारायला हरकत नाही.