पेशींतला केरवारा आणि कुत्र्याचे म्हातारपण

घर कितीही मोठे असो, चार दिवस केरवारा झाला नाही की त्याची रया जाते. सजीवांच्या पेशींचेही तसेच आहे. बिघडलेली प्रथिने, मोडकळीला आलेले घटक गोळा करायचे, त्यांचे विघटन करायचे आणि त्यातले उपयोगी ते पुन्हा वापरायचे, हे काम पेशी अखंड करीत असते. या क्रियेला ‘ऑटोफेजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव १९६३ मध्ये ख्रिस्तियान द दुव्ह यांनी दिले. यीस्टचा अभ्यास करून तिची यंत्रणा उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वय वाढते तशी ही सफाई मंदावते. कुत्र्याचे म्हातारपण तर दहा-बारा वर्षांतच दाराशी येते. काल जिना धडाधड चढणारा आपला सोबती आज पहिल्या पायरीशी थबकतो, तेव्हा जीव कासावीस होतो. मग आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांची चौकशी सुरू होते. सफाईला चालना देणाऱ्या ‘रापामायसिन’ या औषधाची कुत्र्यांवर चाचणी अमेरिकेत ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ने हाती घेतली आहे. पण हेच औषध मूत्रपिंड रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, हे विसरून कसे चालेल? ते घरच्या घरी देऊन पाहण्याचे औषध नव्हे.

अन्नाचा ओघ अखंड असला की पेशीतली सफाई थंडावते. तो ओसरला की तिला जोर चढतो. अमेरिकेतच ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर एक दीर्घ प्रयोग झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, इतरांचे ११.२. सांधेदुखीसारख्या व्याधींवर उपचारांची गरजही त्यांना उशिरा पडली. याचे सारे श्रेय पेशींच्या सफाईला देता येणार नाही. पण धडा स्पष्ट आहे.

आपल्याकडे मात्र माया म्हणजे खाऊ घालणे. चहाबरोबर बिस्किट, जेवताना तुपाची पोळी, आणि वर ‘बिचारा बघत बसतो हो!’ हे कौतुक. त्याला उपाशी ठेवा असे कुणी म्हणणार नाही. पिल्लाला, आजारी किंवा खंगलेल्या कुत्र्याला तर पोटभरच हवे. पण धडधाकट कुत्र्याचे अन्न पशुवैद्याला विचारून मापाने द्यावे, आणि बिस्किटाऐवजी दोन फेऱ्या जास्त माराव्यात. त्याला आपला हात आवरता येत नाही. तो आपणच आवरायला हवा.